वस्तरा हातात असताना

३ मार्च
एकवीस तारखेला चर्चच्या समितीपुढे उभं राहायचं. पाळक व्हायचं शिक्षण घ्यायला सेमिनरीत कोणाला पाठवायचं ते समितीच ठरवते. पाळकसाहेब म्हणाले, एक प्रश्न नक्की — देवाचं पाचारण कधी झालं, म्हणजे देवाने या कामाला कधी बोलावलं? बेकरीवाल्याच्या मुलाने गेल्या वर्षी तारीख, वार, मिनिटं, सगळं सांगितलं होतं.

मी तीन वर्षांच्या रोजनिश्या चाळल्या. पाचारण कुठेच नाही. आईला सेमिनरीचं पहिल्यांदा बोललो, त्या दिवशी लिहिलंय — "चारही वस्तऱ्यांना धार लावली. उकाडा."

४ मार्च
पुन्हा चाळल्या. नाही.

९ मार्च
मामांनी दुकानातून हॉस्पिटलात पाठवलं, ऑपरेशनवाल्यांच्या दाढ्या करायला. एक म्हातारे बसड्रायव्हर, गळ्याला गाठ. अर्धी दाढी झाल्यावर म्हणाले, "तू चर्चवाला ना? प्रार्थना कर की माझ्यासाठी."

माझ्या सगळ्या प्रार्थना वहीत, शब्दकोशात बघून शुद्ध केलेल्या. वही पिशवीत, हात फेसात. नववीपर्यंत शिकलेला माणूस मी, तोंडी काय बोलणार? म्हटलं, "आजोबा, पाठ नाही हो मला."

"मग येईल तशी कर. फक्त डोळे मिटू नकोस. वस्तरा माझ्या गळ्यावर आहे."

चार वाक्यं झाली. त्यातलं एक त्यांच्या हनुवटीबद्दल.

"आमेन," आजोबा म्हणाले. "आता डावा गाल."

१४ मार्च
रक्तदाब वाढल्याने आजोबांचं ऑपरेशन पुढे ढकललं. वॉर्डातल्या आणखी तिघांनी मला बोलावलं. त्यातल्या दोघांना दाढीच नव्हती. मामा म्हणाले, "पाद्रीबाबा, दुकानातही कधी येत जा."

२० मार्च
निरोप आला. आजोबांचं ऑपरेशन उद्या, दाढी सकाळी नऊला. समितीही नऊलाच.

मामा वस्तरा पुसत म्हणाले, "तू समितीकडे जा. दाढी मी करतो." मग बराच वेळ पुसतच राहिले. "ते दुसरं मात्र मला नाही जमायचं."

जेवण गेलं नाही.

२१ मार्च
हॉस्पिटलात गेलो. वही पिशवीतच ठेवली, डोळे उघडे ठेवून येईल तशी प्रार्थना केली.

चर्चला पोचलो पावणेअकराला. समिती उठून गेली होती. म्हणजे आता पुढचं वर्ष. शिपाई म्हणाला, "तुझे मामा येऊन गेले. आत पाच मिनिटं बोलत होते." मामांनी स्वतःच्या लग्नानंतर चर्चची पायरी चढलेली नाही! विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाईक बसलंय. त्याच्या मानेकडे बघ."

रडू यायला हवं होतं. भूक लागली.

२४ मार्च
आजोबा शुद्धीवर आहेत. बोलता येत नाही. मला बघून गालावर बोट टेकवलं — एक केस राहिला होता.

३० मार्च
पाळकसाहेबांनी दुकानात सेमिनरीचा फॉर्म आणून दिला, समितीने मंजूर केलेला. पाचारणाची तारीख: २१ मार्च, सकाळी नऊ. खाली साक्षीदार म्हणून मामांची सही.