कानाडोळा

४ ऑक्टोबर

आजपासून बघायचं नाही!

भिंगरीने डोकं आपटलं, कपाळावर मूठ मारली, तरी मान वळवायची नाही. "नको गं राणी" म्हणायचं नाही. धावत जायचं नाही. थेरपिस्ट बाई सकाळभर बसून समजावत होत्या. नऊ वर्षांची पोर, तोंडात शब्द नाही, मग आईला बोलवायचं कसं? डोकं आपटलं की आई हजर! "नकळत तुम्हीच शिकवलंत तिला," म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण माझ्या जिव्हारी लागलंच.

म्हणजे आता सगळं उलट. डोक्याला जाड हेल्मेट, भिंतीला गादी, आणि आम्ही ढिम्म. तिने माझी ओढणी ओढली, हाताला धरलं, की मात्र हातातलं टाकून तिच्याकडे जायचं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे कानाडोळा करायचा. मग असं साधं सांगा ना!" बाईंनाही हसू आलं. तेव्हापासून घरात तोच शब्द.

हसतेय खरी, पण शाळेच्या मोठ्या बाईंनी स्पष्टच सांगितलंय. सुट्टीनंतर हे असंच चालू राहिलं तर वर्गात घेणार नाहीत. निवासी संस्थेचं बघा म्हणाल्या. तिथे एका खोलीत आठ-आठ मुलं! माझी भिंगरी तिथे? मी मेल्यावर.

५ ऑक्टोबर

सासूबाईंनी दोनदा वळून बघितलं. मी एकदा. नवऱ्याचं बरं आहे — लिफ्ट बसवायला परगावी गेलाय, तीन आठवडे सुटका. फोनवर मला धीर देतो. तिकडे बसून धीर द्यायला काय जातं!

७ ऑक्टोबर

हा दिवस कधी विसरणार नाही.

बाई म्हणाल्याच होत्या, "आधी वाढेल. ती म्हणेल, हे काम का करत नाही? मग जोर लावेल." लावला! मी सिंकपाशी एकच पातेलं घासत बसले. सासूबाई भिंतीकडे तोंड करून मटार सोलत होत्या, आणि सोललेले दाणे सालांत टाकत होत्या. मागे धाड धाड चालू होतं. मग आवाज बदलला. गादीचा नव्हता. वळले तर हेल्मेट जमिनीवर, आणि ती कॉटच्या लोखंडी दांड्यावर डोक्याची डावी बाजू आपटतेय.

गेले. शिकवलं होतं तसंच केलं — चेहऱ्याकडे न बघता, एक अक्षर न बोलता हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला, परत सिंकपाशी आले. तिने माझा हात धरायला बघितलं होतं. मी सोडवून घेतला.

बाईंना फोन केला. लगेच आल्या, डोकं तपासायला दवाखान्यात घेऊन गेल्या. टेंगूळ आहे, बाकी ठीक, म्हणाले डॉक्टर. दांड्याला आता रजई बांधलीय.

९ ऑक्टोबर

युक्ती सापडली! मी ड्रायव्हिंग शिकवते. शिकवणाऱ्याच्या बाजूला एक जादा आरसा असतो, रबरी बूड दाबलं की काचेला चिकटतो. तो घरी आणला आणि सिंकवरच्या टाइलला लावला. आता पाठ भिंगरीकडे, पण टेबलाशी बसलेली ती पूर्ण दिसते. हेल्मेट आहे का, पडली का, काय खातेय, सगळं.

बाईंना विचारलं. "चालेल, फक्त तिला कळता कामा नये." सासूबाई म्हणाल्या, "पोटच्या पोरीवर हेरगिरी!" पण आता त्याही येता-जाता डोकावतात.

१२ ऑक्टोबर

आज कमी. नजर लागेल म्हणून जास्त लिहीत नाही.

१५ ऑक्टोबर

ओढणी ओढली!! स्वतःहून आली, ओढली, आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. गॅस बंद केला, तिच्यासमोर खाली बसले, आणि रडले. रडायचं नव्हतं, हसायचं होतं. चालतंय. बाई फोनवर किंचाळल्याच. म्हणजे हे काम करतंय! मीच मूर्ख, इतकी वर्षं धावत राहिले.

१८ ऑक्टोबर

सकाळपासून एकदाही मारलं नाही. दुपारी पण नाही. घर इतकं शांत की नळ ठिबकतोय तेही ऐकू येतं. कधीपासून ठिबकतोय कोण जाणे.

२० ऑक्टोबर

सासूबाईंशी वाजलं.

"इतकी शांत बरी नव्हे," म्हणाल्या. "बसल्या जागी पेंगते. ओढणीसुद्धा ओढली नाही दोन दिवसांत."

माझं डोकंच फिरलं. "मारत होती तेव्हा तुमचा जीव वर-खाली. आता मारत नाही तरी वर-खाली! तिने करायचं तरी काय?"

उठून आपल्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं नाही, म्हणजे फार रागावलेल्या नाहीत.

सकाळी भिंगरीला उलटी झाली. कालही झाली होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, सध्या पोटाचीच साथ आहे म्हणाले, औषध दिलं. मी त्यांना डोक्याचं सांगितलं नाही. डोक्याचं तर तेव्हाच बघून झालं होतं ना! आणि आता ती मारतही नाही. बाईंनाही एवढंच कळवलं, की पोट बिघडलंय.

तरी मघापासून दोनदा तिच्या कपाळाला हात लावून आले. उगाच. सुख अंगाला लागत नाही काही लोकांच्या.

२३ ऑक्टोबर

शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या होत्या. भिंगरी सोफ्यावर बसून राहिली. हात मांडीवर, मान किंचित कलती, कुणालाही त्रास नाही. मोठ्या बाई बराच वेळ बघत होत्या. "ही तीच मुलगी का हो?" म्हणाल्या. "आणा सुट्टीनंतर. घेते."

जिंकले!

त्या गेल्यावर तिला उठवायला गेले तर पाय ओढत चालली. बसून बसून मुंग्या आल्या असतील.

२६ ऑक्टोबर

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. लिहिलं नाही तर वेड लागेल.

नवरा सकाळी आला. मी सिंकपाशी, भिंगरी टेबलाशी, तो तिच्या समोर. म्हणाला, "अगं, ही डावखुरी कधी झाली?"

"काहीतरीच! उजव्यानेच खाते."

"अगं, चमचा डाव्या हातात आहे!"

"मी रोज बघतेय, तू आत्ता सकाळी येऊन —" आणि मी आरशाकडे बोट दाखवलं. "हा बघ. उजवा."

तो नुसता आरशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मान वळव. इकडे बघ तिच्याकडे."

वळवली.

डावा हात होता. चमचा डाव्या मुठीत, निम्मं अन्न अंगावर. उजवा हात मांडीवर, उताणा.

पहिले काही दिवस मला आरशात डावा हात दिसायचा. तेव्हा म्हणत होते, आरसा आहे, उलटं दिसणारच. पुढे उजवा दिसायला लागला — तर डोकंच चालवलं नाही! पोर उजव्याने खाते, उजवा दिसतोय, मग झालं! मी. मी, जी दिवसभर शिकाऊ लोकांवर ओरडते, की नुसत्या आरशावर जाऊ नका, मान वळवून बघा!

गाडीच्या किल्ल्या तिला जीव की प्राण. तिच्या उजव्या बाजूला धरून वाजवल्या. डोळे लगेच गेले. हव्या होत्या तिला. खांदा उचलला, तोंड वाकडं झालं जोर लावून, पण हात जागचा हलला नाही. परत वाजवल्या. परत खांदा.

तिने मारणं सोडलंच नव्हतं. हात वर जात नव्हता.

गाडी मीच चालवली. सासूबाई मागे तिचं डोकं छातीशी धरून बसल्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं. दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या.

२७ ऑक्टोबर

डोक्याच्या आत डाव्या बाजूला रक्त साचलंय. दांड्यावर आपटली त्या दिवशी नसावं, असलं तरी वरून तपासून कळण्याइतकं नसेल. हळूहळू पाझरत राहिलं, मेंदूवर दाब येत गेला. म्हणून पेंग, म्हणून उलट्या, म्हणून पाय. सर्जननी सगळं नीट समजावलं. मग विचारलं, "केव्हापासून शांत आहे?"

मला ती तारीख पाठ होती. अभिमानाने पाठ केली होती.

थेरपिस्ट बाई आल्या. बाकावर शेजारी बसल्या, तोंडाला रुमाल लावून. "उलट्या सांगितल्यात तेव्हा मी विचारायला हवं होतं. हात कसा आहे, चाल कशी आहे — विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "मी पोट म्हणाले होते." त्यांनी माझा हात धरला. मी धरू दिला.

आत नेलंय. कवटीला भोक पाडून रक्त काढणार. "हात परत येईल का?" विचारलं. सर्जन म्हणाले, "आधी ती येऊ दे."

२८ ऑक्टोबर

आहे.

३० ऑक्टोबर

डोळे उघडते. पाणी पिते. सासूबाईंनी काहीबाही गुणगुणलं तर ओठ हलवले. पण उजवा हात चादरीवर पडलेला, कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा. मी त्याच्याकडेच बघत बसते. नर्स म्हणाली, "आई, जरा डोळे मिटा." नाही मिटणार! आता मी बघणार. सगळं बघणार.

नवरा म्हणाला, "संस्था काय, शाळा काय, मरू दे सगळं. आपण आहोत ना." पहिल्यांदाच त्याचा धीर धीरासारखा वाटला.

कसलंही शहाणपण नको मला. हात हलू दे. बाकी काही मागत नाही.

२ नोव्हेंबर

दुपारी उजवा हात उचलला! आधी बोटं, मग मनगट, मग अख्खा हात — थरथरत वर, वर, आणि मूठ वळून कपाळावर, टाक्यांच्या अगदी जवळ, ठण्णकन! नर्स धावली. आणि मी? मी आनंदाने ओरडले. तिच्यावर ओणवी झाले, ती मूठ धरून पटापट मुके घेतले, "माझी राणी, माझी शहाणी" करत हसत सुटले. भिंगरीने माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मग हळूच मूठ सोडवून घेतली, आणि परत उचलली.