बत्तिसांपैकी शून्य

१० जानेवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र कालच पोचलं. मुलाखतीची तारीख आल्याचं वाचून मामीने ते माझ्या हातून ओढून घेतलं आणि चष्मा न लावताच तीनदा वाचलं. आता शांतपणे बस. मी सगळं क्रमाने समजावून सांगतो.

जोडीदार व्हिसासाठी तुम्हा दोघांना एकाच दिवशी बोलावतील, पण एकत्र नाही. तू इथल्या वकिलातीत असशील आणि जावईबापू त्यांच्या देशातल्या कचेरीत. प्रश्न मात्र दोघांना तेच. यामागचा विचार मला फार आवडला. ज्यांचं लग्न केवळ कागदावर असतं, त्यांना लग्नाची तारीख, सासऱ्यांचं नाव असल्या ठळक गोष्टी तोंडपाठ असतात. पण खिडकीच्या बाजूला कोण झोपतं, चहात साखर किती लागते, हे एका खोलीत राहिल्याखेरीज कळत नाही. म्हणून ते मोठं सोडून बारीक विचारतात. परीक्षा अशीच घ्यावी!

तुमचा एकत्र संसार जेमतेम सात आठवड्यांचा, तोही भाड्याच्या एका खोलीतला. म्हणून तयारी हवी. या दिव्यातून गेलेल्या चौदा जोडप्यांना पत्रं लिहून मी साठ प्रश्न जमवले आहेत. यादी सोबत जोडली आहे. दर रविवारी सकाळी जावईबापूंची फोनवर तोंडी परीक्षा घेतो. गेले तिन्ही रविवार साठपैकी साठ! चष्म्याच्या काचा घासणारा माणूस; त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. मामीचं म्हणणं असं, की चाळीस वर्षांनंतरही तिच्या चपलेचं माप मला सांगता येणार नाही, आणि मी निघालोय दुसरीच्या नवऱ्याला घडवायला. माप खरोखरच आठवेना.

तू निश्चिंत राहा. जेव वेळेवर. तुझ्या यशाची वाट पाहत

तुझा मामा


२४ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

व्हिसा नाकारला.

दोनदा लिहून खोडलं, तिसऱ्यांदा तसंच ठेवते आहे. वकिलातीचं पत्र चार ओळींचं आहे. पतीला पत्नीच्या दैनंदिन आयुष्याची माहिती नसल्याने विवाह खरा असल्याची खात्री पटत नाही, असं त्यात म्हटलंय. मागितल्यावर दोघांच्या उत्तरांची प्रत मिळाली, ती सोबत पाठवते आहे. यादीतले बत्तीस प्रश्न विचारले होते. त्याची बत्तीसही उत्तरं चुकली आहेत.

फोनवर तो रडला, मामा. समोर अधिकारी बसल्याबरोबर डोक्यात अंधार झाला, काही आठवेचना, असं म्हणाला. तासभर मीच त्याची समजूत काढत होते. घाबरलेल्या माणसाला काय बोलणार? आपलंच माणूस.

इथे मात्र माझी पंचाईत झाली आहे. तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण मी प्रयोगशाळेत राजीनामा देऊन बसले होते. कवळ्यांचं माझं टेबल एका नव्या मुलीला दिलंय. ती मेण इतकं तापवते की दात वितळतील असं वाटतं. खोलीही एप्रिलअखेर सोडायची आहे. मालकांनी मला तात्पुरतं प्लास्टर कालवायला ठेवून घेतलंय. आठ वर्षं दात बसवल्यावर आता ठसे धुते आहे.

अपिलाला पंचवीस एप्रिलपर्यंत मुदत आहे. अपिलात दोघांना वकिलातीत एकाच टेबलाशी बसवतात. त्याला त्यासाठी इकडे यावं लागेल. तुम्ही कागद पाहा आणि काय करू ते सांगा. तुम्ही सांगाल तेच करीन.

मामीला नमस्कार. तुमचा हात डोक्यावर राहू द्या.

खारू


६ मार्च

चि. जावईबापूंस,
अ. उ. आ.

हे पत्र केवळ तुम्हाला आहे.

मी एकतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या. त्यांतली नऊ वर्षं नक्कल शोधण्याच्या समितीवर होतो. तिथे शिकलेली एक गोष्ट सांगतो. बरोबर उत्तरांवरून काहीच सिद्ध होत नाही, कारण बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. माणूस कळतो तो त्याच्या चुकांवरून.

तुमच्या चुका मी तीन संध्याकाळी पाहिल्या. बत्तिसांपैकी अकरा प्रश्न असे होते, की उत्तर दोनांपैकी एकच असू शकतं: डावखुरी की उजव्या हाताची, खिडकीकडे की भिंतीकडे, आधी आंघोळ की आधी चहा. ज्याला काहीच माहीत नाही त्याने डोळे मिटून उत्तरं दिली, तरी अकरांतली पाच-सहा बरोबर येतात. अकराच्या अकरा चुकणं म्हणजे नाणं अकरा वेळा उडवून अकराही वेळा काटाच पडणं. दोन हजार अठ्ठेचाळीस खेळांत एकदा असं घडतं. घाबरलेला माणूस अडखळतो, चार उत्तरं गाळतो, दोन अर्धवट देतो. तुम्ही एकही प्रश्न गाळलेला नाही. ती कवळ्या बनवते हे तुम्हाला ठाऊक. तुम्ही सांगितलंत, दंतवैद्याकडे फोन घेते. तिला भाऊ नाही. तुम्ही दोन भाऊ दिलेत, वर त्यांची वयंही.

जावईबापू, सगळी उत्तरं चुकवायची तर आधी सगळी यावी लागतात. ती तुम्हाला मीच पढवली.

रागाने लिहीत नाही, समजून घ्यायचं आहे म्हणून लिहितो. असं का केलंत, ते सरळ कळवा.

मामा


२० मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र वाचून प्रथम मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आपल्यापुढे लपवण्यात अर्थ नाही.

माझ्या आयुष्यात दुसरं कुणी नाही, हे आधी सांगतो. तिच्यात दोष नाही. सात आठवडे मी खरोखर सुखात होतो. इकडे परतल्यावर दुकान, दुकानामागची खोली, ठरलेल्या जागी ठरलेली वस्तू, हे सगळं पुन्हा अंगवळणी पडलं. रविवारी तिच्याशी बोलायला मला आवडतं. आठवड्याचे बाकीचे दिवस या खोलीत तिला कुठे ठेवू, ते मला डोळ्यांपुढे आणता येत नाही. हे तिला सांगायचं म्हणून किती वेळा फोन उचलला. दर वेळी ती हसून बोलायला लागायची आणि मी पुढच्या रविवारावर ढकलायचो. मुलाखतीत अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, आणि चुकीचं उत्तर देणं मला फार सोपं गेलं.

एक विनंती करतो. तिला हे कळवू नये. सरकारने नाकारलं याचं दुःख चार महिन्यांत ओसरेल, मी नाकारलं याचं ओसरणार नाही. मुदत तशीच निघून जाऊ दिली तर कुणाचाच अपमान होणार नाही. आपण सांगाल ते ती ऐकते.

आपली माया कमी होऊ नये, एवढीच इच्छा.

आपला जावई


२९ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

कागद पाहिले. उत्तर पाठवायला उशीर झाला, त्याला कारण माझी कंबर, मामी सांगेलच.

अपिलाचा विचार मी सर्व बाजूंनी केला. माझं मत असं, की सध्या अपील करू नये. पहिलं कारण, त्याच कचेरीपुढे महिना-दोन महिन्यांत पुन्हा जाणं घाईचं दिसतं. दुसरं, अपीलही फेटाळलं तर कागदोपत्री कायमची नोंद राहते. तिसरं, वर्षभराने नव्याने अर्ज करण्याची मुभा आहेच. तोवर तू प्रयोगशाळेत तुझं टेबल परत मागून घे आणि खोली सोडू नकोस. वाटल्यास आमच्याकडे येऊन राहा. मामीने वरची खोली झाडून ठेवली आहे.

काळजी करत बसू नकोस. मी आहे.

मामा


८ एप्रिल

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदाच तुमची कारणं मला पटली नाहीत. तुम्ही कारणं देता तेव्हा ती एकमेकांना धरून असतात. ही तीन कुणी तरी उसनी आणून शेजारी शेजारी ठेवल्यासारखी वाटली. म्हणून मी उत्तरांची माझ्याकडची प्रत काढली आणि दुपारच्या सुट्टीत प्लास्टर वाळेपर्यंत मोजत बसले. नाणेफेकीचं गणित मला सातवीत असताना तुम्हीच शिकवलंत, स्वयंपाकघरात, शेंगदाणे मांडून.

मग त्याला फोन केला. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, मामांच्या सहा मार्चच्या पत्राला उत्तर देऊन सगळं कळवलंय, त्यांचंही मत मुदत जाऊ द्यावी असंच आहे. सुटल्यासारखा आवाज होता त्याचा. कुणी तरी मोठ्या माणसाने सही केल्यावर लोकांचा होतो तसा.

त्याने माझ्याशी लबाडी केली, ती मी समजू शकते. तो मला सात आठवडे ओळखतो. तुम्ही मला अंगाखांद्यावर खेळवलंत. सहा मार्चला तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्ही आधी त्याला पत्र लिहिलंत. मग दोघांनी मिळून ठरवलंत, मला काय झेपेल आणि काय झेपणार नाही. मी इथे रोज त्याची बाजू घेऊन भांडत होते, प्रयोगशाळेतल्या बायकांशी, घरमालकिणीशी. एक बाई म्हणाली होती, बत्तिसांतलं एकही बरोबर येऊ नये म्हणजे नवलच. तिच्याशी मी बोलणं टाकलं, मामा. तिची काय चूक होती?

मी काल अपील दाखल केलं. व्हिसासाठी नाही. त्याला माझ्यासमोर बसून तेच बत्तीस प्रश्न पुन्हा ऐकावे लागतील, एवढ्यासाठी. नाकारायचं असेल तर माझ्या तोंडावर नाकारू दे.

तो तिकडून निघेपर्यंत त्याला तुम्ही काही लिहू नका. तेवढं तरी करा.

खारू


१७ एप्रिल

चि. खारूस,
अ. उ. आ.

तीनदा लिहायला बसलो. क्रम लागत नाही. त्याचा मुद्दा मला दयेचा वाटला होता. आता वाटतं, मला तो सोयीचा होता. तुझा चेहरा पाहून ते सांगावं लागू नये, एवढंच मला हवं होतं. माझ्यात आणि त्याच्यात या बाबतीत फरक सापडला नाही.

त्याला लिहिलेलं नाही.

मामा


१२ जून

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

मामीने पत्रात विचारलं म्हणून, आणि तुम्हाला कळायला हवं म्हणूनही लिहिते. सुनावणी काल झाली.

टेबल लहान होतं. अधिकारी बाई मधे, तो माझ्यासमोर. आमचे गुडघे लागतील एवढंच अंतर. त्याने नवा सदरा घातला होता, घडी मोडलेली नव्हती. बाईंनी तेच बत्तीस प्रश्न त्याच क्रमाने विचारले. मी तयार होऊन बसले होते. तो पहिलं उत्तर चुकवील, मी त्याच्याकडे पाहीन, आणि काय ते होऊन जाईल.

त्याने बत्तीसही बरोबर सांगितली.

एकदाही अडखळला नाही. मी डावखुरी आहे, खिडकीकडे झोपते, चहात साखर घेत नाही, कवळीची टाळू घासताना जीभ बाहेर काढते. हे शेवटचं तर तुमच्या यादीतही नव्हतं, त्याने आपणहून जोडलं. बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही, टेबलाच्या कडेकडे पाहत होता. बाईंनी जुना कागद शेजारी ठेवून विचारलं, तेव्हा असं का झालं होतं? तो म्हणाला, घाबरलो होतो. बाई हसल्या. पासपोर्टवर व्हिसा तिथेच लागला. नव्वद दिवसांत प्रवेश करायचा.

बाहेरच्या बोळात त्याने माझी पिशवी उचलून घेतली आणि म्हणाला, झालं एकदाचं, आता ये तू. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला बसा म्हणावं तसं. मी सरळ विचारलं, मी यायला हवी आहे का तुला? तो पिशवीचा बंद नीट करू लागला. मग म्हणाला, तू ठरवशील तसं.

तेव्हा मला कळलं, मामा. दूर बसून नाही म्हणणं त्याला सोपं होतं आणि समोर बसून हो म्हणणं सोपं होतं. जिथे जे सोपं, तिथे ते. मी त्याच्या घरी गेले असते, तर म्हातारपणापर्यंत त्याने मला सांभाळलं असतं आणि मी तिथे असायला हवी का, हे मला कधी कळलं नसतं.

पिशवी घेतली आणि परत आत गेले. व्हिसा रद्द करण्याचा अर्ज त्याच खिडकीवर मिळतो. कारणांच्या चार चौकटी होत्या, त्यांत माझं कारण नव्हतं. ‘इतर’वर खूण केली. खिडकीतल्या माणसाने तपशील लिहायला सांगितला. मी म्हटलं, तपशील बरोबर आहेत, आत बाईंकडे लिहिलेले आहेत. त्याने शिक्का मारला. मी बाहेर आले तेव्हा तो बोळात नव्हता.

प्रयोगशाळेत मला टेबल परत मिळालं नाही. त्या मुलीचा हात आता बसला आहे आणि तिला उठवणं बरं नाही. मालकांनी खिडकीजवळ एक जुनं टेबल मांडून दिलंय, एक पाय आखूड आहे. ज्या बाईशी बोलणं टाकलं होतं, तिने त्याखाली लाकडाची चीप आणून सरकवली.

वरच्या खोलीत राहायला मी येणार नाही. मामीला चार दिवस माझ्याकडे पाठवा, तिला एकटीलाच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका असं लिहिणार होते, पण लावून घ्या. थोडे दिवस तरी घ्या. मग मी बोलावीन.

मामीचा लोभ आहे तसाच राहावा. तुमच्याविषयी पुढे लिहीन.

खारू