टायपिंग न येणारी बायको

अहो,

गाडीची चावी पोह्यांच्या डब्यात सापडली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ड्रायव्हिंगला हो म्हटलंय, तेव्हा अंतराच्या शाळेत मी एकटीच जातेय. कढी गरम करून घ्या, फुटू देऊ नका.

नातीच्या वर्गाला सांगायचंय, सत्तरच्या दशकात डेट्रॉइटमध्ये बायकांना काय काम मिळायचं. मी इंजिनिअर, तरी जो तो विचारायचा, टायपिंग येतं का? हो म्हटलं तर टायपिस्ट करतील म्हणून मी नाही म्हणायचे. पार्टीत तुमच्या साहेबांनी विचारलं, तेव्हा तुम्हीही शांतपणे म्हणालात, "तिला अजिबात येत नाही." तेही तुमचा अख्खा थिसिस मी टाइप केलेला असताना.

हे मुलांना नक्की सांगणार आहे. तुम्ही चावी लपवलीत, ते मात्र सांगणार नाही.

शोभना