एकट्या माणसासाठी गाडी

प्रिय विश्या,

काकी बरी आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण तिकडं पलटणीत, बर्फात, माझं पत्र हातात पडलं की तू आधी आईचं काय झालं तेच शोधणार, हे मला माहीत आहे. डायलिसिसचं माणूस जेवढं ठणठणीत असतं तेवढी तुझी आई ठणठणीत आहे. मागच्या आठवड्यात तिनं एका सरकारी मॅडमला भर रस्त्यात झापलं, यावरून काय ते ओळख.

साताऱ्याच्या स्टँडवर कँटीनमध्ये बसून लिहितोय. सांगलीची एस.टी. लागायला वेळ आहे. फोन केला असता, पण तुझा फोन येतो तो नेमका मी गाडी चालवत असताना, आणि घरी बोलावं तर काकी मेथी निवडायचं निमित्त काढून शेजारी येऊन बसते. मला जे सांगायचंय ते तिच्या कानावर जायला नको. शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक कधी लिहिलेलं नाही, तेव्हा वेलांट्या-उकार तुझे तू लावून घे. समोरच्या टेबलावर एक म्हातारा बशीतला चहा फुंकून फुंकून मांजराला पाजतोय, आणि मांजरही असं बसलंय की जणू त्याचं इथं रोजचं खातं आहे. असो. मी भरकटतो, तुला सवय आहे.

गाडीचं सांगतो. तू सुट्टीत आलास तेव्हा एकदाच बसलास, तेव्हा पहिल्यापासूनच सांगितलेलं बरं. आपल्या खोत मळ्याला आधी काय होतं, तर माझ्या इलाही मामूचं वडाप. जीप भरल्याशिवाय हलायची नाही, हा एकच कायदा. मी मागं लोंबकळत ओरडायचो, ‘आष्टा आष्टा आष्टा’, आणि आत तू कुणाच्यातरी मांडीवर दप्तर घेऊन बसायचास. मामूच्या डोळ्यांना दिसेनासं झालं, जीप गेली, आणि मळ्याला काहीच उरलं नाही. एस.टी. फाट्यावर थांबते. फाट्यापर्यंत पाणंद, दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस, आणि खाली आपली ती काळी माती, जी चप्पल पायातून काढून घेते आणि परत देत नाही. त्यातून काकी आठवड्यातून दोनदा सांगलीला. उशीर झाला की मशीनवरचा तिचा नंबर दुसऱ्याला, मग दिवसभर व्हरांड्यात बसायचं. एकदा येताना पाणंदीतच खाली बसली, आणि शेजारच्या नानासोनं तिला उसाच्या ट्रॉलीत घालून घरी आणली, हे तुला तुझ्या बहिणीनं, शिवांजलीनं, कुंडलहून फोन करून सांगितलं होतं. त्यानंतरच्या सुट्टीत तू मला गोठ्यामागं नेऊन जे बोललास, ते मी अजून कुणालाही बोललेलो नाही.

तू त्या सुट्टीला यायच्या थोडं आधीच ही सरकारची योजना आली होती. सातारा आणि सांगली, दोन्हीकडच्या काही गावांना बॅटरीवरच्या गाड्या, वस्तीवस्तीला एक खांब, खांबावर सौरऊर्जेची पाटी आणि एक हिरवं बटण. बटण दाबलं की माझ्या समोरच्या स्क्रीनवर टिंग वाजतं, आणि खांबावर आकडा दिसतो, गाडी इतक्या मिनिटांत येते म्हणून. गाडी आष्ट्याच्या स्टँडपर्यंत, एस.टी.च्या वेळेला धरून. येतानाही तसंच. काकी सांगलीहून परत आली की उतरल्याबरोबर माझ्या गाडीत. पैसे सरकारचे, पण वर्षभर बघणार आणि मग ठरवणार, ठेवायची का दुसरीकडं न्यायची. ड्रायव्हर पाहिजे होता, मी नेमका लोणंदच्या बाजारातलं काम सोडून आलो होतो. तिथं कांदा बरा होता, पण माणसं रडवायची. त्याच्या आधी हुबळीचं हॉटेल, त्याच्या आधी गोव्याला होड्या रंगवायचं काम, ते तर लय भारी होतं, मालकच पळून गेला म्हणून... राहू दे. काकी पहिल्या दिवशी गाडीत बसली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, ‘तारक्या, तू पावण्यासारका येतूस आन् पावण्यासारका जातूस. ही गाडी तरी किती दिस चालवशील रं?’ मी म्हटलं, बॅटरी संपेपर्यंत. सगळी गाडी हसली. ती नाही हसली.

पण गड्या, गाडी चालली. मी येईन तेव्हा खांबापाशी सहा-सातजण उभेच असायचे. बाजाराच्या दिवशी तर मनुबाईच्या कोंबड्या धरून जागा करावी लागायची. काकीचा एकही नंबर चुकला नाही. मी मनात म्हणायचो, झालं, आता ही गाडी कोण हलवतंय.

आणि दिवाळीनंतर ऑफिसातून निरोप आला. सगळ्या योजनेत खोत मळ्याची मागणी सगळ्यात कमी आहे, गाडी लोणंदकडच्या एका गावाला द्यायचं चाललंय. मी फोन केला. तिकडून एक पोरगा म्हणाला, ‘दादा, सिस्टीम असं दाखवते.’ मी म्हटलं, ‘अरे सिस्टीमला म्हणावं ये आणि बस गाडीत, जागा मिळाली तर.’ तो म्हणाला, ‘दादा, मी नोंद करून घेतो.’ काय नोंद केली त्यालाच माहीत. मला तर त्या दिवसापासून जेवण गोड लागेना. गाडी गेली की काकी परत पाणंदीत, आणि पुढचं काय ते तुला आणि मलाच माहीत होतं.

मग मी मळ्यात सांगत सुटलो, मागणी कमी दिसतेय, बटण दाबत जावा. एवढंच सांगितलं मी. पण आपली माणसं तुला माहीत आहेत. वैरणीला जाताना बटण, येताना बटण, पोरं शाळेत जाता जाता बटण. नानासो तर देवळासमोरून जाताना घंटा वाजवावी तसा वाजवायचा. माझी स्क्रीन दिवसभर टिंग टिंग. धावत जावं तर खांबाला नानासोची म्हैस पाठ घासत उभी, आणि नानासो लांबून हात करून विचारतोय, ‘दाबलं हाय बरं का! वाडली का मागनी?’ आठवड्यात सिस्टीमचा मेसेज आला, या ठिकाणी खोट्या मागण्यांचा संशय आहे, चौकशी होईल. मी डोक्याला हात लावून बसलो. माझ्याच हातानं गाडी घालवली असं झालं ते.

चौकशीला राजनंदिनी मॅडम आल्या. साताऱ्याला या योजनेचं सगळं त्याच बघतात. वय आपल्यापेक्षा फार नसेल. शहाणपणा बघ, सरकारी जीप फाट्यावरच सोडली, पाणंदीतून चालत आल्या, सँडल हातात घेऊन, आणि कुणाला काही न सांगता खांबापाशी जाऊन एकट्यानं बटण दाबलं. तो काकीचा सांगलीला जायचा दिवस. काकी पिशवी घेऊन दगडावर बसलेली, शेजारी मनुबाई. पुढचं मनुबाईनं मला दहा वेळा सांगितलंय, नकला करून करून.

काकी म्हणाली, ‘कुटं जायचं हाय गं तुला?’

‘आष्ट्याला.’

‘आन् एकटीसाटी गाडी बोलावतीस व्हय? बापाची हाय का गाडी? थांब की जरा, चारजण येऊ देत. आमी काय हितं हवा खायला बसलोय?’

मॅडम म्हणाल्या, ‘पण मावशी, बटण त्यासाठीच आहे ना? ज्याला जायचंय त्यानं दाबायचं.’

‘ज्याला जायचं हाय त्यानं न्हाई. माणसं जमली की एकानं दाबायचं. एका माणसासाटी बॅटरी जाळायची म्हंजे लाज पायजे जरा. सरकार झालं म्हणून काय त्येला लुटायचं?’

एवढ्यात मी पोचलो, टिंग वाजलं होतं ना. बघतो तर काय, एक अनोळखी बाई सँडल हातात घेऊन खाली मान घालून हसतेय, आणि काकी स्वतः सरकून तिला दगडावर जागा करून देतेय. मॅडमनी ओळख सांगितली. मी चटकन खाली उतरून नमस्कार ठोकला. काकीवर काही परिणाम नाही. ‘मॅडम असशील,’ म्हणाली, ‘पर तुलाबी थांबावं लागंल.’

मॅडमनी मग एक-एक करून विचारलं. रोज असंच थांबता का? व्हय. सगळेच? मग काय तर. कितीजण जमले की दाबता? मनुबाई म्हणाली, ‘पाच-सा. अगदीच घाई आसंल तर चार.’ मी तिथंच उभा होतो, विश्या, आणि माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. मळ्याची माणसं वडाप आधी भरत होती आणि मग बोलावत होती. यंत्राला सातजण दिसतच नव्हते, त्याला एकच बोट दिसत होतं. मी स्वतः वडापच्या मागं लोंबकळून मोठा झालो, म्हणून मला त्यात कधी काही वेगळं वाटलंच नाही. गाडी भरलेली असते, तर असते.

मॅडमनी काकीला विचारलं, ‘मावशी, तुमचं तर दवाखान्याचं आहे. तुम्ही पण थांबता?’ काकी म्हणाली, ‘म्हणून तर लवकर येऊन बसतीया.’ हे ऐकून मात्र मी तडकलो. म्हटलं, ‘अगं काकी, तुझ्यासाठी तर जीव टाकून चालवतोय मी ही गाडी! तू उन्हात दगडावर बसून माणसं गोळा करतेस?’ तर म्हणाली, ‘वराडतूस कशाला? मी काय कलेक्टर हाय, माज्या एकटीसाटी गाडी यायला?’ वर मनुबाईला म्हणाली, ‘ह्येला सांगू नगं म्हनत हुते ते ह्याच्यासाटीच, बग.’ मला रडू यायला लागलं, म्हणून मी उगाच टायरला लाथ मारून हवा बघितली.

मॅडम त्याच गाडीतून आष्ट्यापर्यंत आल्या, मांडीवर कोंबडी घेऊन. उतरताना म्हणाल्या, ‘तारिक, पुढच्या आठवड्यात साताऱ्याला बैठक आहे, तुम्ही या.’ मी म्हटलं, मी दहावी नापास माणूस, मी काय बोलू? त्या म्हणाल्या, वडापचं बोला.

ती बैठक आज झाली. मोठी खोली, एवढा एसी की तुझी आठवण आली. भिंतीवर नकाशा, त्यावर लाल-हिरवे ठिपके, खोत मळा लाल. एक साहेब म्हणाले, खोट्या मागण्या, विषय संपला. राजनंदिनी मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, ‘सर, ही माणसं गाडी रिकामी धावू देत नाहीत, आणि आपण त्याचीच शिक्षा म्हणून गाडी काढून घेतोय.’ मग मला उभं केलं. पहिल्यांदा नुसतं नाव-गाव सांगितलं. मग इलाही मामू डोळ्यासमोर आला आणि सुटलो. जीप, कोंबड्या, नानासोची म्हैस, काकीचा दगड, सगळं. गोव्याच्या होड्यांकडंही वळलो होतो, मॅडमनी डोळ्यांनी परत आणलं. नानासोच्या घंटेला ते साहेबच हसले, आणि म्हणाले, ‘आमची आई पण तशीच. एकटीसाठी रिक्षासुद्धा करत नाही.’

गाडी राहिली, विश्या! पुढच्या तीन वर्षांचा निधी खोत मळ्याला मंजूर. आता मोजणी बटणावर नाही, गाडीच्या दारात होणार, चढेल त्याची. दवाखान्याच्या माणसांना वेगळं पिवळं बटण बसणार, ते दाबलं की थांबायचं नाही, गाडी निघायचीच. ते काकीला दाबायला कोण लावणार, हे मात्र कुणी ठरवलं नाही. मी खाली आलो, पायऱ्यांवरच बसलो, आणि पोवई नाक्यापर्यंत चालत जाऊन कंदी पेढे घेतले. त्यातले निम्मे हे लिहिताना संपलेत. मांजरालाही एक दिला.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते लिहितो. गोठ्यामागं तू म्हणालास, गाडीचं वर्ष सरेपर्यंत बघतो, गाडी गेली तर फौज सोडून येतो, पेन्शन बसायला पाच-सहा वर्षं राहिली तरी चालतील, आईला पाणंदीत बसू देणार नाही. अर्ज तयार आहे म्हणालास, आणि मला शपथ घातलीस. तेव्हापासून ते माझ्या शेजारच्या सीटवर बसलेलं होतं, गाडी कितीही भरली तरी. आज पहिल्यांदा ती सीट रिकामी झाली. तो अर्ज देऊ नकोस. फाड, जाळ, त्यावर चहा कर, पण देऊ नकोस. आणि खोलीतून निघताना मॅडमनी विचारलं, तीन वर्षं ड्रायव्हर टिकेल ना? मी विचार करायच्या आत हो म्हणून बसलो, आणि बाहेर आल्यावरही ते हो तसंच होतं, याचं मलाच नवल वाटलं. काकीला यातलं काहीच माहीत नाही. तिला वाटतं, तुला तिची काळजीच नाही म्हणून तू रजा काढत नाहीस, आणि ती गाडीत बसली की तुला शिव्या घालते. घालू दे. तू निवांत नोकरी कर, मी निवांत ऐकतो.

तुझाच,
तारिक