जपानी की हिंदी, देवीला कौल

लालबाग, सोमवार सकाळ

तीर्थस्वरूप नानामामा,

मयूरचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामीने पाठवलेली आंबोशी पोचली. (पिशवी वाटेत फाटली, पण आंबोशीला काही झाले नाही.)

पत्रास कारण तसे विशेष नाही. आमच्या चाळीच्या मंडळाने प्रोजेक्टर घेतला आणि काल दुपारी हॉलमध्ये जपानी अ‍ॅनिमे दाखवायचे ठरले. (ते कार्टूनच असते, पण तसे म्हटले की मुले चिडतात.) लगेच दोन पक्ष पडले. तिसऱ्या मजल्यावरची मेघना म्हणाली, आवाज जपानीच हवा, खाली इंग्रजी सबटायटल. अध्यक्ष जयवंतकाका म्हणाले, "वाचूचाच आसा तर पेपर काय वायट? हिंदी डब लाव."

माझी अडचण वेगळीच. डब बघणाऱ्यांची मला कीव येते, असे मी मेघनाला वर्षभर सांगत आलो आहे. प्रत्यक्षात मी सगळे हिंदीतच बघतो. बारावीला मी कोणत्या विषयात राहिलो ते तुम्हाला ठाऊक आहे. इंग्रजीची एक ओळ लावेपर्यंत पडद्यावर दोन माणसे मरून जातात. त्यात तिने सगळ्यांदेखत सांगितले, "म्हाताऱ्यांसाठी मयूर माइकवर मराठीत सांगेल ना! त्याला सगळं कळतं."

घाबरून मी म्हटले, आपण देवीला कौल लावू या. सगळी आपल्याच गावची चाळ, नाही कोण म्हणणार? हॉलमधल्या ग्रामदेवीच्या तसबिरीवर तुळशीची दोन ओली पाने लावायची. उजवे पडले तर जपानी, डावे पडले तर हिंदी. उजवे मी लावले, डावे मेघनाने. काकांनी गाऱ्हाणे घातले, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. पाऊण तास झाला तरी एकही पान हलेना. रमाबाई आजी म्हणाल्या, "देवीक पण इंग्रजी येणा नाय वाटता." शेवटी काकांनीच निकाल दिला, देवीला दोन्ही पक्ष सारखे. आवाज जपानी, मराठीत मयूर.

पहिल्या तीन ओळी मी प्रामाणिकपणे लावल्या. पुढे सुचेल ते बोललो. राक्षसाला मालवणी दिली; तो नायकाकडे सामायिक आंब्यातला वाटा मागू लागला. नायिका रडत होती, म्हणून तिचा गॅस संपवला. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. मेघना तेवढी हसली नाही. खालची ओळ बघायची, मग माझ्याकडे. संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "ती त्याला 'परत ये' म्हणत होती रे. तू त्याला सिलिंडर आणायला पाठवलंस." मी कान धरले आणि डबचे सगळे खरे सांगून टाकले. ती जिना चढून गेली.

इकडे बाकी सर्व ठीक आहे. गुडघ्याला तेल चोळत जा.

तुमचा भाचा,
मयूर

ता. क. उजव्या पानामागे मी मंडळाच्या कपाटातला डिंक लावला होता. कृपा करून देवळात माझ्या नावाने नारळ ठेवा आणि गाऱ्हाणे घाला. मामीला कळू देऊ नका.

ता. क. २. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो, तर मेघनाच बाटली घेऊन आली. डावे पान तिने चिकटवले होते. तिचेही नाव घ्या. "दोघांत एकच नारळ चालेल ना?" असे विचारते आहे. आपल्याकडे दोघांत एक नारळ कोण ठेवतात, हे तिला ठाऊक आहे का, ते विचारायचा मला धीर होत नाही. तुम्ही आपला एकच ठेवा.