कॉम्प्युटरला शेवटचा हात कोणाचा लागला

अण्णा, गेला आठवडाभर माझा कॉम्प्युटर अचानक बंद पडत होता. तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांनी तुम्हाला सांगायला मला हेच सुचावं, याचं माझं मलाच हसू येतं. पण घरात काहीही बिघडलं की आम्ही सगळे ज्याच्या तोंडाकडे बघायचो तो माणूस तुम्ही होतात. सवय अजून गेलेली नाही. मी पाइपची रेघ ओढत असायचे आणि एकदम समोर काळा पडदा. सूचना नाही, आवाज नाही. त्या काळ्या पडद्यात माझाच घाबरलेला चेहरा दिसायचा.

घाबरायला कारण होतं. मकरपुऱ्यातल्या कारखान्यातली माझी ड्रॉइंगची नोकरी उन्हाळ्यात गेली. त्रेपन्नाव्या वर्षी नवीन नोकरी कोण देतंय? चार महिने बडोदाभर फोन केल्यावर कोयलीच्या एका कंत्राटदारानं बारा ड्रॉइंगं करायला दिली, तीही बघू तरी कशी जमतात म्हणून. गुरुवार संध्याकाळपर्यंत द्यायची होती. सोमवारी त्याचा फोन आला. "बेन, गुरुवारे सांज सुधी नहीं आवे तो हुं बीजा पासे करावी लईश." दुसऱ्याकडून करून घेईन, हे तो चिडून नाही, अगदी शांतपणे म्हणाला, म्हणून मला जास्त भीती वाटली. मी "थई जशे, थई जशे" म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हा बारातली तीनच झाली होती.

मग मी सगळं एकदम करून बसले. प्लग बदलला, वायर बदलली, यूपीएस काढून थेट भिंतीला जोडलं, व्हायरस शोधला, टेबल खिडकीपासून लांब सरकवलं आणि देवाला हातही जोडले. पाऊण तास चालला, पुन्हा बंद. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर त्यानं मशीन न बघताच निकाल दिला, "मधरबोर्ड गयुं समजो, बेन. नवुं लई लो." फोन ठेवून मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि मिक्सरसमोर उभी असताना तुमचा आवाज आठवला.

मी बारा वर्षांची आहे. मिक्सर बंद पडलाय आणि तुम्ही कोयलीच्या रिफायनरीतून घरी यायच्या आत मी तो चालू करून दाखवणार आहे. फ्यूज, प्लग, भांडं, सगळं एका दमात काढते, घालते, आणि तो चालू होतो. तुम्ही येता, हाताला अजून ग्रीसचा वास आहे, मी फुशारकीनं सांगते, आणि तुम्ही विचारता, "चालू झाला, पण कशानं झाला?" मला सांगता येत नाही. "मग तू काहीच केलेलं नाहीस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि त्याच्याही आधी विचारायचं, शेवटचा हात कोणाचा लागला?" शेवटचा हात आईचा होता. तिनं मिक्सर नळाखाली धरून धुतला होता. ते तुम्ही रात्री पाहुण्यांसमोर जेवताना सांगितलंत, नाव घेऊन, कारणासकट. आई ताक आणायला म्हणून उठली ती बराच वेळ आलीच नाही. तुमचं बरोबरच होतं, म्हणून मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

तर मंगळवारी मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. चालू केला, इतक्या मिनिटांनी बंद. सकाळी चाळीस मिनिटं टिकला. लगेच चालू केला तर अकरा. पुन्हा लगेच, सहाच. जेवणाच्या वेळी तासभर तसाच ठेवला, तर परत चाळीस. आणि बंद पडायच्या आधी तो रेंगाळायचा, रेघ हाताच्या मागून यायची. दर दोन मिनिटांनी काम साठवत मी एकेक ड्रॉइंग पुढे ढकलत होते, कान पंख्याच्या आवाजाकडे. तेव्हा लक्षात आलं की तो आवाज मुळात येतच नाहीये. मशीन तापत होतं. कधीपासून, म्हणून मागं मोजत गेले तर खंडेनवमीपर्यंत आले.

तुमच्यामागे खंडेनवमीची पूजा आईच करते. पाटावर पणजोबांची तलवार, तुमचे पाने, तुमचा हातोडा. आणि गेली काही वर्षं, माझ्या हातातलं हत्यार म्हणून, माझा कॉम्प्युटर. तुम्ही पुसल्याशिवाय पूजेला काही ठेवू देत नव्हतात, मी मात्र यंदा कॉम्प्युटरच्या पंख्यावरची जाळीसुद्धा झटकली नव्हती. तिचे हात आता थरथरतात. तिनं हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, अक्षता टाकल्या. मी शेजारी उभी राहून मोबाइल बघत होते.

बुधवारी सकाळी प्लग काढून बाजूचं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यात झेंडूची वाळकी पाकळी गुंडाळलेली आणि कडेला कुंकवानं लाल झालेले तांदळाचे दोन दाणे घट्ट अडकलेले. चिमट्यानं काढले. चालू केल्यावर पंखा फिरला आणि मी तिथेच खुर्चीत बसून रडले. दुपारपर्यंत मशीन एकदाही बंद पडलं नाही. गुरुवारी चार वाजता बाराच्या बारा ड्रॉइंगं गेली. कंत्राटदारानं संध्याकाळी विचारलं, "बीजुं काम मोकलुं?" मी म्हटलं, हो, पाठवा.

त्यानंतर आई दारात आली. आत आली नाही, उंबऱ्यावरच उभी राहिली.

"काय निघालं गं त्यात?"

"धूळ, आई."

"नुसती धूळ?"

"नुसती धूळ. साचली होती, पुसली."

ती चौकट धरून खाली बसली. "चाल, सारुं थयुं, सुटले. मला बाई वाटलं, माझ्या अक्षतांनीच काहीतरी झालं. हात हलतो ना माझा. तुझं काम जातंय की काय म्हणून जीव नुसता टांगणीला लागला होता. विचारायचा धीर होईना, म्हणून इकडे फिरकलेच नाही."

अण्णा, तुम्ही असतात तर ते दोन दाणे तिच्या तळहातावर ठेवून दाखवले असतेत. रागानं नाही, कारण कळायला हवं म्हणून. आणि तिनं पुन्हा माझ्या कशालाही हात लावला नसता. मी खोटं बोलले आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटत नाही. पुढच्या वर्षी जाळीवर आधी एक ताटली पालथी घालीन, तिला न सांगता. हे पत्रही फाडणार आहे, कारण ती अजून चष्म्याशिवाय वाचते आणि घरातला कागद न् कागद वाचते.

फक्त एक तुम्हाला सांगून ठेवते. ते सगळे दिवस ती माझ्या खोलीत आली नाही, तेव्हा मला वाटलं होतं ती कशावरून तरी रुसली आहे. मी तिला एकदाही विचारलं नाही. कामात मध्ये मध्ये कोणी येत नव्हतं, आणि मला ते बरंच वाटत होतं.