फोटो दोघांचे, गाडी सूनबाईची

लिहून ठेवणार मी स्वतः, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय फोटो स्टुडिओ, राहणार त्याच स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर. माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे, हे मी राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, असे लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी विचारले, "आज वार कोणता?" मी म्हटले, "शनिवार. म्हणूनच जरा आटपा, उद्या पहाटे निघायचंय." त्यांनी पुढचे प्रश्न विचारले नाहीत.

सर्वांची पूर्ण नावे आणि पत्ते वकीलबाईंनी वेगळ्या पानावर टंकून घेतले आहेत. इथे मी घरात बोलते तसेच लिहिणार. माझ्या दिवंगत पतींचा उल्लेख "हे" असा केला आहे. वकीलबाई म्हणाल्या, कोर्टात "हे" म्हणजे नक्की कोण, असा प्रश्न निघेल. मी म्हटले, माझ्या तोंडी दुसरा कोणी "हे" कधीच नव्हता, तसे लिहून घ्या. त्यांनी हसत हसत लिहून घेतले.

कलम १. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात केले होते. त्यात सगळी मालमत्ता मी माझ्या नणंदेला दिली होती, यावरून राग केवढा होता ते आमच्या घरातल्या कोणालाही कळेल. राग कशाचा, ते पुढे येईल.

कलम २. वरचे घर मुलाला आणि सूनबाईला, दोघांच्या नावे सारखे. बँकेत जे काही असेल तेही तसेच. गॅलरीचे दार पावसाळ्यात फुगते. ते सुताराकडून रंधून घ्यावे, लाथा मारू नयेत.

कलम ३. खालचा स्टुडिओ, त्यातले दिवे, निळा पडदा, गोल स्टूल आणि गिऱ्हाईक, हे सगळे आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीला चालवायला द्यावे. गेली कित्येक वर्षे पासपोर्टचे फोटो तीच काढते आणि माझ्यापेक्षा बरे काढते. भाडे सूनबाईने ठरवावे. मुलाने ठरवू नये, तो संकोचाने शून्य सांगेल.

या स्टुडिओवर आमचे पोट चालले, पण ह्यांचे मन इथे कधी रमले नाही. आठवडाभर ह्यांनी त्या पडद्यापुढे माणसे बसवली. हनुवटी खाली, खांदे सरळ, डोळे इकडे. आणि शनिवारी शटर ओढताना म्हणायचे, "सहा दिवस अशा माणसांकडे बघतो, ज्यांना आपल्याकडे कोणी बघितलेलं नको असतं. उद्या अशा ठिकाणी जाऊ, जिथे कुणाची हरकत नाही." मग रविवारी उजाडायच्या आत आम्ही गाडीत. डोंगर, तळी, माळरान, खाडीचा चिखल, जिथे रस्ता नेईल तिथे. पुढे आम्ही दोघे, मागे मुलगा आणि कॅमेऱ्याचे तिकाटणे.

कलम ४. गाडी सूनबाईला. हे कलम लांबणार आहे. वकीलबाईंना आधीच सांगितले आहे.

सुरुवातीला गाडी हे चालवायचे. ह्यांची नजर रस्त्यावर कमी आणि डोंगरावर जास्त. एकदा दरीतून धुके वर येताना दिसले आणि गाडी अलगद चरात उतरली. कोणाला खरचटलेदेखील नाही. मी दार ढकलून बाहेर आले, तर हे आधीच उतरून तिकाटणे उभे करत होते. मी म्हटले, "अहो, मी जिवंत आहे का बघा तरी!" हे म्हणाले, "आवाज आला ना तुझा. थांब, धुकं जाईल." फोटो उत्तम आला. चावी मात्र त्या दिवसापासून माझ्याकडे आली.

महिनाभरात मी गाडी शिकले. नणंद म्हणाली, "वहिनी, शोभतं का? बाई चालवतेय आणि आमचा दादा शेजारी बसलाय, लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "लोक म्हणतील, गाडी आज रस्त्यावर आहे." त्यानंतर मी उभी हयात ह्यांची ड्रायव्हर. कॅमेऱ्याला मी हात लावत नव्हते आणि ह्यांना स्टिअरिंगला हात लावू देत नव्हते. असा आमचा संसार होता, आणि फार छान होता.

मग ह्यांचे डोळे गेले. एकदम नाही, आणि सगळे नाही. मधले तेवढे गेले. कडेचे दिसायचे, पण ज्याच्याकडे बघावे तेच नाहीसे. आम्हाला कळले ते एका तळ्याकाठी. पाण्यात एक वाळलेले झाड उभे होते. ते टिपायलाच आम्ही गेलो होतो. हे बराच वेळ कॅमेऱ्याला डोळा लावून उभे राहिले आणि म्हणाले, "झाड कुठे गेलं गं?" झाड समोरच होते. मी काही बोलले नाही, आणि माझ्या न बोलण्यावरून ह्यांना कळले. घरी आल्यावर ह्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला आणि रविवारी उशिरापर्यंत झोपायला लागले. ह्यांना रविवारी झोपलेले बघणे मला सहन होत नव्हते.

नणंदेबद्दल इथे खरे तेच लिहिते. त्या दिवसांत ती रोज यायची आणि ह्यांना पेपर वाचून दाखवायची. कंटाळवाणे वाचायची, पण एक दिवस चुकवला नाही. एकदा पेपर ऐकता ऐकता हे तिला मध्येच थांबवून म्हणाले, "बातमी नको. फोटो काय छापलाय ते सांग." ती म्हणाली, "नदी आहे." "कशी नदी?" "नदीसारखी नदी!" हे खो खो हसले. फार दिवसांनी हसले. आणि त्या शनिवारी मला म्हणाले, "गाडी काढ उद्या."

"कशाला?"

"तू बघ. मी विचारतो."

पहिले काही रविवार भांडणातच गेले. हे विचारायचे, "काय दिसतंय?" मी म्हणायचे, "डोंगर." "डोंगर आहे ते मलाही ठाऊक आहे. उजेड कुठून येतोय? सावली मऊ आहे की कापल्यासारखी? पुढे काय आहे, मागे काय आहे?" मी वैतागून म्हणायचे, "मी ड्रायव्हर आहे, समालोचक नाही." पण हळूहळू डोळे उघडले. ज्या वळणांवरून मी इतकी वर्षे गाडी नेली होती, ती वळणे मी आता पाहिली. गवत सकाळी एका रंगाचे असते आणि दुपारी दुसऱ्या, हे मला साठीत कळले. मग ह्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. मी सांगायचे, हे ऐकायचे, आणि म्हणायचे, "डावीकडचं घर सोडून दे. अजून. आता दाब." ते फोटो ह्यांनी कधी पाहिले नाहीत. मी घरी येऊन पुन्हा सांगायचे, आणि हे ऐकून म्हणायचे, "बरा जमलाय," किंवा "आकाश फार घेतलंस."

कलम ५. म्हणून त्या काळातल्या सर्व फोटोंवर आम्हा दोघांची नावे राहतील. हे कोणीही, कधीही, कोणत्याही कारणाने बदलू नये.

याला कारण आहे. गावातल्या छायाचित्र मंडळाने प्रदर्शन भरवले, तेव्हा त्यांचे चिटणीस घरी आले. म्हणाले, "फोटोखाली एकट्या ह्यांचं नाव घालू. दृष्टी गेलेल्या माणसाने काढलेले फोटो! लोक रांगा लावतील." हे म्हणाले, "फोटो हिने काढलेत. मी फक्त नको ते काढून टाकायला सांगतो." चिटणीस मला म्हणाले, "वहिनी, तुम्हीच समजावा." मी त्यांना जिना दाखवला. मंडळाला माझ्या मालमत्तेतले काहीही देऊ नये. साधी टाचणीसुद्धा नाही.

कलम ६. आता रागाचे.

हे गेल्यानंतर मी एकटीच जाऊ लागले. एकटी असूनही मी मोठ्याने सांगत असे, उजेड कुठून येतोय वगैरे. कोणी ऐकायला नव्हते म्हणून बरे. मुलाला ते एकटे जाणे आवडत नव्हते. तो विमा कंपनीत आहे. कोणाला काय काय होऊ शकते याचा विचार करणे हीच त्याची नोकरी. एका रविवारी तळ्याकाठच्या चिखलात चाक रुतले, फोनला रेंज नव्हती, शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढले. मी घरी पोचले तेव्हा मुलगा जिन्यात बसलेला होता, रडून डोळे सुजलेले. त्याने माझ्या हातातून चावी घेतली.

"आई, पुरे झालं आता."

"चावी दे."

"नाही देणार. तुला काही झालं असतं तर मी कुठे शोधत बसलो असतो?"

शब्दाने शब्द वाढला आणि मग तो म्हणाला, "लहानपणापासून हेच. तुम्ही दोघं पुढे, डोंगर बघत. मी मागे, पिशवीत ओकत. मला कधी विचारलंत का, तुला यायचंय का म्हणून?"

ते मला लागले. मी म्हटले, तू तर मागे झोपलेला असायचास. तो म्हणाला, डोळे मिटून पडलेला असायचो, उघडले की मळमळायचं. आमच्या दोघांचे यावर अजूनही एकमत नाही. पण दुसऱ्याच दिवशी मी ते आधीचे मृत्युपत्र केले, आणि तो दर रविवारी फळे घेऊन यायचा, ठेवायचा आणि जायचा. मी "बस" म्हणायचे नाही. असा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा गेला. गाडी खाली धूळ खात उभी होती.

ते मिटवले सूनबाईने, म्हणून गाडी तिची. ती शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे कोणाच्याही रडण्याला भुलत नाही. एका शनिवारी दोघांना समोरासमोर बसवून ती म्हणाली, "आई, डोळे तपासून घ्या. डॉक्टर हो म्हणाले तर चावी तुमची. पण एकट्या जायचं नाही, शेजारी कोणीतरी हवं." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आणि ते कोणीतरी उद्या तुम्ही."

"मला गाडी लागते, माहितेय ना तुला?"

"मागे बसलं की लागते. पुढे कधी बसलाय आईंच्या गाडीत?"

तो बसला नव्हता. पन्नाशीला आलेला माणूस, आणि आईच्या शेजारी पुढच्या सीटवर पहिल्यांदा बसत होता. खिशात गोळ्या, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने दारावरची दांडी घट्ट धरलेली. घाट सुरू झाला. मी मुद्दाम हळू घेतला. बऱ्याच वेळाने त्याने दांडी सोडली. वरच्या वळणावर पूर्ण दरी समोर उघडली, तेव्हा म्हणाला, "आई, इथून एवढं सगळं दिसतं?"

"मग आम्ही काय बघत होतो असं वाटलं तुला?"

तो हसला. मी गाडी कडेला घेतली. कॅमेरा काढला नाही. तो बघत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. नंतर म्हणाला, "तो ढग म्हशीसारखा आहे." ह्यांनी असले वर्णन एक मिनिट चालवून घेतले नसते. मी चालवून घेतले.

तेव्हापासून तो येतो. त्याला फोटोतले काही कळत नाही, कळायची गरजही नाही. मी काम करत असते तेव्हा तो दगडावर बसून शेंगा सोलतो आणि मला आणून देतो. मी सुखात आहे, हे या दस्तात नमूद व्हावे अशी माझी इच्छा आहे. वकीलबाई म्हणतात, याला कायद्यात जागा नाही. मी म्हटले, कागदावर तर आहे ना.

कलम ७. किरकोळ.

कॅमेरा आणि भिंगे सूनबाईने शाळेत न्यावीत. मुलांच्या हातून पडतील. पडू द्यावीत.

डोळ्यांच्या दवाखान्यात, जिथे ह्यांना घेऊन मी बाकावर बसत असे, तिथल्या भिंती पार उघड्या आहेत. आम्ही काढलेले मोठे फोटो तिथे लावावेत. डोळ्यांत औषध घालून बसलेल्या माणसांना सगळे धूसरच दिसणार, असे मी एकदा ह्यांना म्हटले होते. हे म्हणाले, "धूसर दिसलं तरी उजेड कळतो गं."

नणंदेला आरामखुर्ची आणि माळरानाचा सर्वांत मोठा फोटो. आमच्या प्रत्येक फोटोवर तिचा एकच शेरा असे, "छान आहे, पण यात कोणीच नाही." तिने तो दिवाणखान्यात खुर्चीसमोर टांगावा आणि नीट बघावा. रागाने देत नाही. तो माझ्याकडचा सर्वांत चांगला फोटो आहे, आणि तिने वाचलेल्या पेपरांचे मोल मला माहीत आहे.

ज्या फोटोंत क्षितिज वाकडे आहे ते सगळे पुसून टाकावेत. ह्यांची तशी ताकीद होती.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. तंटा झाल्यास सूनबाई सांगेल ते अंतिम.

वकीलबाईंचे म्हणणे होते की सह्या सोमवारी त्यांच्या कचेरीत व्हाव्यात. परंतु माझे दोन्ही साक्षीदार रविवारी पहाटे हमखास जागे असतात, म्हणून आत्ताच उरकत आहे. ज्यांना काही मिळणार त्यांनी साक्ष द्यायची नसते, असा नियम आहे. त्याप्रमाणे मुलगा व सूनबाई बाजूला, गाडीत बसून आहेत.

स्थळ : स्टुडिओसमोर, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून.
दिनांक : वकीलबाईंच्या पानावर आहे तोच. रविवार, पहाट.

लिहून देणार : (सही)

साक्षीदार पहिला : (सही) समोरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. बाईंनी आमच्या देखत सही केली.
साक्षीदार दुसरा : (सही) गॅरेजवाला. गाडी ठणठणीत आहे, बाईही.

खुलासा : वरची माझी सही शेवटी जरा वर सरकली आहे. ती करत असतानाच मुलगा काच खाली करून ओरडला, "आई, चल ना लवकर, उजेड येतोय!" सही माझीच आहे. दोन्ही साक्षीदारांनी ऐकले आहे.